मणक्यातला गॅप आणि एम.आर.आय.चे पाकीट



आमच्या गट ऑफिसात वर्षभर जे कागद येतात ते ठराविक असतात. लागण नोंदीचे अर्ज, माती परीक्षणाचे अहवाल, बेण्याची मागणी आणि "आमच्या मागून लागण केलेल्याचा ऊस तुटला, आमचा अजून उभा" ही तक्रार. ह्यात गेल्या काही वर्षांत पाचव्या कागदाची भर पडली आहे. हातभर लांबीचे पाकीट, वर एखाद्या स्कॅन सेंटरचे नाव, आत काळ्या फिल्मा आणि इंग्रजीत टाईप केलेला दीड पानी रिपोर्ट. पाकीटवाला ते टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, जरा वाचून दाखवा. मणक्यात गॅप निघालाय."

वास्तविक आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. उसाची कांडी चिरून आत काय आहे ते आम्ही सांगू. माणसाच्या मणक्यातले सांगणे हे आमचे काम नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो. पण ह्या पाकिटांपायी आपल्या कार्यक्षेत्रात काय काय होते आहे ते आम्ही जवळून पाहिले आहे. शिवाय असेच एक पाकीट आमच्याही घरी कपाटात आहे. म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गटातले एक सभासद आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, ऊस तीन एकर. उसाच्या बिलापोटी उचल मिळावी, तशी आम्ही शिफारस करावी, असे म्हणणे. कशाला, तर कंबरेचे ऑपरेशन करायचे. तेवढ्याने भागणार नाही म्हणून दुभत्या म्हशीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवले होते. दुखणे केव्हापासून? बारा दिवसांपासून. खताचे पोते उचलताना चमक भरली. पहिल्या दिवशी पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घेतली, दुसऱ्या दिवशी चोळून घेतले, पाचव्या दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून शहर गाठले. तिथे आधी फोटो काढून आणा म्हणाले. फोटो काढला, फोटो पाहून ऑपरेशन सांगितले.

आम्ही विचारले, "तुम्हाला झोपवून, पाय उचलून कुणी तपासलं का?"

"तपासायचं काय त्यात? फोटोतच सगळं दिसतंय की."

रिपोर्ट उघडला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगलेली, डाव्या बाजूला जास्त पुढे आलेली, डाव्या नसेला टेकलेली. आम्ही सहज विचारले, दुखते कुठल्या बाजूला? तर म्हणाले, कंबरेत आणि उजव्या कुल्ल्यात.

आता थोडे ह्या गादीविषयी. कंबरेत पाच मणके आहेत. एकावर एक रचलेल्या ह्या मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते, तिलाच डिस्क म्हणतात. गाडीच्या टायरच्या आत जशी आडव्या-तिरप्या दोऱ्यांची वीण असते, तशी गादीची बाहेरची कड चिवट तंतूंच्या थरांची असते. आतला गाभा मऊ, पाणीदार. वय वाढते, ओझी उचलली जातात, तसे गाभ्यातले पाणी कमी होत जाते, गादी बसते, कडेला फुगते. कधी कड फाटून गाभा बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेला लागतो. मग कळ कुल्ल्यातून मांडी, पोटरी करत पावलापर्यंत उतरते. हीच सायटिका. गादीमुळे पायात कळ उतरते ही गोष्ट तरी फार जुनी नाही. अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार ह्या दोन डॉक्टरांनी १९३४ साली ती ऑपरेशनाच्या अनुभवावरून नीट मांडली, तेव्हा सर्वांना पटली.

आणि "गॅप" ह्या शब्दाचे काय करावे आम्हाला कळत नाही. गादी बसते तेव्हा दोन मणक्यांमधले अंतर कमी होते. म्हणजे गॅप पडत नाही, होता तो बुजतो! तरी अख्खा तालुका मणक्यात गॅप पडला म्हणतो, आणि पडलेला गॅप भरून देणारे तेल आठवडी बाजारात विकले जाते.

साधा एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो. रोन्टगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली हे किरण शोधले. हाड मोडले आहे का, मणका पुढे सरकला आहे का, हे त्यात दिसते. गादी स्वतः दिसत नाही, नसही दिसत नाही. दोन मणके जवळ आले ह्यावरून गादी बसली असावी एवढा अंदाज काढायचा, जसा आपण शेंड्यावरून मुळाचा काढतो. शिवाय कंबरेच्या एक्स-रेला छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पट जास्त किरण लागतात, म्हणून उगीच दर दोन महिन्यांनी काढण्याची ही गोष्ट नव्हे. मग १९७१ साली इंग्लंडात हाऊन्सफील्ड ह्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन झाला. त्यात आडवे काप दिसतात, पण किरण तेच, आणि एक्स-रेपेक्षा जास्त.

एम.आर.आय.मध्ये हे किरण अजिबात नाहीत. ते एक प्रचंड चुंबक आहे. नेहमीच्या दीड टेस्ला यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. आपल्या अंगात पाणी, पाण्यात हायड्रोजन. त्या हायड्रोजनचे कण ह्या चुंबकाने एका दिशेला लागतात, रेडिओच्या लहरी सोडून त्यांना हलवले की ते उलट खूण देतात, आणि त्या खुणांवरून चित्र तयार होते. थोडक्यात, हे यंत्र पाणी बघते. म्हणून पाणीदार गादी फिल्मवर पांढरी उमटते आणि वाळलेली काळी. रिपोर्टात "डिस्क डेसिकेशन" असे लिहिलेले असते त्याचा अर्थ गादी सुकली, एवढाच. नस, गादी, मज्जारज्जूची पिशवी, सगळे स्वच्छ दिसते. गादीच्या दुखण्यात ह्याच्याइतके चांगले चित्र दुसरे कुठले नाही, ह्यात शंका नाही.

अडचण चित्र चांगले नाही ही नाही. अडचण अशी की ते जरुरीपेक्षा जास्त दाखवते.

१९९४ साली अमेरिकेत एक गंमतीचा, पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर दुखत नाही अशा ९८ माणसांचे एम.आर.आय. काढले. ५२ टक्क्यांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली, आणि २७ टक्क्यांची तर एका जागी पुढे सरकून बाहेर डोकावत होती. सगळ्याच्या सगळ्या गाद्या व्यवस्थित असलेली माणसे ३६ टक्के. ही सगळी धडधाकट माणसे, आपापली कामे करणारी! पुढे २०१५ साली अशा तेहेतीस अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली, त्यात बिनदुखण्याची ३,११० माणसे होती. त्या हिशेबाने विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजू लागलेल्या असतात, पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीत ९६. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना, पन्नाशीत ६० टक्क्यांना. म्हणजे आपल्या गटातल्या पन्नाशीच्या दहा सभासदांना उद्या रांगेने त्या यंत्रात घातले, तर ज्यांची कंबर कधी दुखली नाही त्यांच्यातही निम्म्याहून अधिक पाकिटांत "बल्ज" हा शब्द निघेल. केस पांढरे व्हावेत तशी गादी सुकते. पांढऱ्या केसाचे कुणी ऑपरेशन करत नाही.

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. खोडव्यावर केवडा पडला, पाने पिवळी दिसू लागली. तुम्ही माती तपासली, अहवालात स्फुरद कमी आले. अहवाल खोटा नाही. पण पिवळेपणा त्यामुळेच आला कशावरून? चुनखड जमिनीत लोह मिळत नाही म्हणून आला असेल, खालच्या सरीत पाणी तुंबले म्हणून असेल, मुळाशी हुमणी असेल. बेट उपटून बघितल्याशिवाय, बांधावर उभे राहून पाण्याची वाट पाहिल्याशिवाय नुसत्या अहवालावर जो पोती ओततो, त्याचे पैसे जातात आणि ऊस पिवळाच राहतो. त्या सभासदाच्या बाबतीत तर प्लॉट एका बांधाचा आणि अहवाल दुसऱ्या बांधाचा, अशी गत होती. दुखणे उजवीकडे, नस टेकलेली डावीकडे.

शिफारस आम्ही लिहिली नाही. गडी रागावला. "साहेब, पैसे माझेच, बिल माझंच, तुम्ही कोण अडवणारे?" खरे होते त्याचे. आम्ही म्हणालो, एक दिवस द्या, नंतर तुम्ही म्हणाल ते लिहितो. दुसऱ्या दिवशी आमच्याच मोटारसायकलवर मागे बसवून, खड्डे चुकवत, तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेले.

त्या डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवले. आधी उताणे झोपवून एकेक पाय सरळ ठेवून वर उचलला. नस दाबलेली असेल तर पाय थोडा उचलताच गुडघ्याखाली कळ जाते; इथे नुसती मांडीमागची शीर ताणली. मग टाचांवर चालायला लावले, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर धरायला सांगून तो खाली दाबून पाहिला. गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारली. पावलाच्या वरच्या अंगाला आणि करंगळीच्या बाजूला कापसाने स्पर्श करून विचारले. प्रत्येक नसेची हद्द ठरलेली असते, आपल्या पाटाच्या पाळीसारखी. कुठे बधिर आहे आणि कुठे जोर कमी आहे ह्यावरून कुठली नस ते कळते. वीस मिनिटे हे चालले होते. आणि मग फिल्म लावली. म्हणाले, नसेवर दाब असल्याची एकही खूण अंगावर नाही. फिल्ममध्ये डावीकडे दिसते ते जुने असेल, ते ह्यांना त्रास देत नाही. पोते उचलू नका, अंथरूण धरून पडूही नका, हिंडते राहा, ह्या गोळ्या चार दिवस, तीन आठवड्यांनी दाखवा.

पाचव्या आठवड्यात बुवा बांधावर उभे. ऑगस्टात आडसाली लागण केली, पोती मुलाने ओढली. म्हैस दावणीलाच आहे.

पहिल्या सहा आठवड्यांत, धोक्याची काही खूण नसेल तर कंबरदुखीचा फोटो काढू नये, असे आता जगातले बहुतेक जाणते डॉक्टर सांगतात. कारण त्या मुदतीत बहुतेकांना आपोआप आराम पडतो. लगेच फोटो काढलेले आणि न काढलेले ह्यांची तुलना केलेले सहा अभ्यास २००९ साली एकत्र तपासले गेले. फोटो काढलेल्यांचे दुखणे लवकर बरे झाले, असे काही दिसले नाही. फोटोमुळे काही माणसे मात्र विनाकारण घाबरतात. "माझा मणका गेला" म्हणून वाकायचे सोडतात, आणि न वाकल्याने कंबर आणखी धरते.

पण म्हणून एम.आर.आय. वाईट, असे कुणी मनात आणू नये. आमचेच सांगतो. पाच वर्षांपूर्वी डाव्या पायात कळ उतरली. दोन आठवडे अंगावर काढले. मग एक दिवस मोटारसायकलचा गिअर वर उचलायला गेलो तर पावलाने तो उचलेना. दुखण्यापेक्षा ह्याने घाम फुटला. डॉक्टरांनी तपासले, अंगठ्याचा जोर कमी भरला, आणि तपासल्यावर मग म्हणाले की आता फोटो काढू. चौथ्या-पाचव्यामधली गादी फाटून गाभा डावीकडे बाहेर आलेला. जिथे त्यांनी बोटाने दाखवले होते, नेमके तिथेच. अंगावरची खूण आणि फिल्मवरची खूण जुळली. असे जुळते तेव्हा त्या फिल्मची किंमत. ऑपरेशन करायचे झाले तर नेमके कुठे, हे तिच्याशिवाय कुणी सर्जन ठरवत नाही.

आमचे ऑपरेशन झाले नाही. जोर आणखी कमी होतो का ते डॉक्टर दर आठवड्याला बघत होते, तो हळूहळू परत येऊ लागला. चार महिने गेले. बाहेर आलेला गाभा शरीर स्वतःच पुष्कळदा जिरवून टाकते, आणि नवल म्हणजे जितका मोठा तुकडा सुटलेला तितका तो जिरण्याचा संभव जास्त. बरे झाल्यावर आम्ही हौसेने विचारले, जिरला का ते बघायला पुन्हा फोटो काढू? डॉक्टर म्हणाले, "गिअर पडतोय ना? मग कशाला?" नेदरलँडमध्ये सायटिकाच्या रुग्णांचे वर्षानंतर पुन्हा एम.आर.आय. काढले होते, तो अभ्यास २०१३ साली आला. बरे झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या फिल्मवर गादी अजून बाहेरच होती, आणि बरे न झालेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या. फिल्म पाहून कोण बरा आणि कोण नाही, हे ओळखता येईना. त्याच रुग्णांवरून २००७ साली असेही दिसले होते की लवकर ऑपरेशन केलेल्यांची पायातली कळ लवकर गेली, मात्र वर्षाअखेर दोघेही सारखे. तेव्हा सहा-आठ आठवडे होऊनही पायातली कळ झोपू देत नाही, कामधंदा बंद आहे, तपासणी आणि फिल्म जुळते आहे, अशाने ऑपरेशन केले तर त्यात काही गैर नाही. घाई कुणाला आणि कशाची, हे बघायचे.

यंत्राच्या खोलीत जाताना लोखंड बाहेर ठेवायचे असते आणि तिथला माणूस विचारेल ते खरे सांगायचे असते. छातीत पेसमेकर, डोक्यात क्लिप, शरीरात सळी किंवा छर्रा असेल तर आधी सांगावे. आपल्यातले जे वेल्डिंगवर किंवा ग्राइंडरवर काम करतात त्यांनी डोळ्यात कधी कीस गेला असेल तर तेही. हे यंत्र चालू नसले तरी चुंबक चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला एक नातेवाईक सिलिंडरासकट ओढला गेला आणि मरण पावला. बाकी आवाज फार होतो, वीस-तीस मिनिटे हलायचे नाही, एवढेच.

आता जे लिहायचे आम्ही लांबवत होतो ते.

आमचे स्वतःचे दुखणे होण्याच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. हंगाम भरात होता. बीडकडच्या एका टोळीचा मुकादम सकाळी ऑफिसात आला. म्हणाला, एका बाईची कंबर धरलीय, मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना चमक भरली, दोन्ही पायांत मुंग्या येतात म्हणते, आज तिचा कोयता बंद राहील. आम्ही खुर्चीतूनच म्हणालो, "उसण असेल. बाम लावा, शेकायला सांगा." आमचे डोके त्या दिवशीच्या तोडणी प्रोग्रॅममध्ये होते. कोपीवर जाऊन तिला पाहिले नाही. ती आदल्या रात्रीपासून लघवीला गेली नव्हती. बाईमाणूस, हे मुकादमाला सांगणार कसे? तिसऱ्या दिवशी पोट फुगले तेव्हा ट्रॅक्टरमधून नेली. एम.आर.आय. झाला, त्याच रात्री ऑपरेशन झाले, पण तोवर नसा चेपून तीन दिवस गेले होते.

पुढे आमच्या पायाला झाले तेव्हा डॉक्टरांनी पहिले दोन प्रश्न विचारले ते असे: लघवी-परसाकडेला नीट होते का? आणि खोगिरावर बसल्यावर जेवढा भाग टेकतो तेवढ्या जागी बधिर लागते का? ते प्रश्न ऐकले आणि ती सकाळ आठवली. मुकादमाला हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागले नसते.

ह्या दुखण्याला सहा आठवडे थांबण्याचा नियम लागू नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतला जोर गेला, की त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठा दवाखाना गाठायचा आणि तिथे एम.आर.आय. मागायचा. दुसऱ्या तऱ्हेचे दुखणे सावकाश येते पण तेही वाट पाहण्यासारखे नाही: संध्याकाळचा ताप, वजन उतरणे, रात्री पडल्यावरही न थांबणारी कंबर. मणक्याचा क्षय आपल्याकडे आहे, आणि एक्स-रेत तो पुष्कळ उशिरा दिसतो, एम.आर.आय.त लवकर. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला, उंचावरून पडलेला, दमा-संधिवातासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणारा, ह्यांनीही थांबू नये.

ती बाई दोन वर्षे आली नाही. आता टोळीबरोबर येते, पण कोयता धरत नाही; कोपीवर भाकऱ्या थापते आणि टोळीची लेकरे सांभाळते. उजव्या पावलाला अजून स्पर्श कळत नाही. चप्पल पायातून कधी निसटली ते समजत नाही, म्हणून तिने ती सुतळीने घोट्याला बांधलेली असते.

ह्या हंगामापासून आमच्या गटातल्या चिटबॉयांना आणि मुकादमांना ते दोन प्रश्न पाठ करायला लावले आहेत. बायकांना विचारायला टोळीतलीच एखादी वडीलधारी बाई नेमावी, असे सांगितले आहे. १०८ ला फोन करावा, गाडीला वेळ लागणार असेल तर गट ऑफिसची जीप न्यावी. किल्ली रात्री वॉचमनकडे असते. सभासदांची पाकिटे आम्ही पूर्वीसारखीच उघडून वाचून दाखवू, पण दुखते कुठल्या बाजूला आणि डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला का, हे आधी विचारू.